जिंकून आलेल्या सेनापतींना अथेन्सने मृत्युदंड का दिला?

इ.स.पू. ४०६ मध्ये, उन्हाळा सरता सरता, अथेन्सच्या आरमाराने स्पार्टाच्या आरमाराचा धुव्वा उडवला. अथेन्समध्ये आनंदीआनंद व्हायला हवा होता. पण त्याच वर्षीच्या शरद ऋतूत, ही लढाई जिंकणाऱ्या आठ सेनापतींना अथेन्सच्या नागरिकांनी बहुमताने मृत्युदंड दिला. त्यातले सहा जण शहरात हजर होते, त्यांना ठार करण्यात आलं. दोघे घरी परतलेच नव्हते, म्हणून वाचले.

या घटनेचं नेहमीचं स्पष्टीकरण असं की जमाव भडकला आणि भडकलेल्या जमावाने न्याय केला. मला ते अपुरं वाटतं. कारण हेच नागरिक पहिल्या दिवशी सेनापतींचं म्हणणं ऐकून निवळले होते, त्यांना जामीन राहायला तयार झाले होते. दुसऱ्या सभेत त्यांनीच मृत्युदंड दिला. मधल्या काळात लोक बदलले नाहीत. त्यांना थोपवून धरणारे नियम एकेक करून बाजूला सारले गेले. ते कसे सारले गेले, हे नीट पाहिलं की प्राचीन अथेन्सची लोकशाही कशी चालायची हेही कळतं आणि ती कुठे मोडायची हेही.

आधी थोडी पार्श्वभूमी.

अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातलं युद्ध इ.स.पू. ४३१ पासून सुरू होतं. स्पार्टा जमिनीवर बलवान, अथेन्स समुद्रावर. पण ४१३ मध्ये सिसिलीवरच्या मोहिमेत अथेन्सने आपलं मोठं आरमार आणि हजारो माणसं गमावली. त्यानंतर स्पार्टाला इराणी साम्राज्याचा पैसा मिळू लागला आणि समुद्रावरचं पारडं फिरलं. आरमारात पैशाला एवढं महत्त्व कशाला, तर वल्हेकऱ्यांसाठी. त्या काळच्या युद्धनौकेला, म्हणजे ट्रायरीमला, तीन थरांत बसलेले १७० वल्हेकरी लागत. खलाशी आणि सैनिक धरून एका नौकेवर साधारण २०० माणसं. या माणसांना रोजचा पगार द्यावा लागे, आणि जो जास्त देईल त्याच्याकडे ती जात. इराणी राजपुत्र सायरसने स्पार्टाच्या वल्हेकऱ्यांचा रोजचा पगार तीन ओबोलवरून (ओबोल म्हणजे ग्रीकांचं छोटं नाणं) चार ओबोल केला, तेव्हा अथेन्सच्या नौकांवरचे वल्हेकरी फोडायचा हा सरळ सरळ डाव होता.

४०६ मध्ये स्पार्टाचं आरमार कॅलिक्रेटिडस नावाच्या तरुण सेनानीकडे आलं. पगाराचे पैसे मागायला तो सायरसकडे गेला, तर त्याला दोन दिवस थांबायला सांगण्यात आलं. दारात ताटकळत ठेवल्याचा त्याला संताप आला. चांदीसाठी परक्यांची मनधरणी करावी लागते, यापेक्षा ग्रीकांची दैना ती काय, असं तो म्हणाला. आणि आपण धडपणे घरी पोचलो तर अथेन्स आणि स्पार्टा यांच्यात समेट घडवायचा प्रयत्न करू, असंही म्हणाला. तो घरी पोचला नाही. या माणसाबद्दल मला नेहमी हळहळ वाटते.

अथेन्सचा सेनापती कोनॉन ७० नौका घेऊन लेस्बॉस बेटाजवळ होता. कॅलिक्रेटिडसने त्याला गाठलं, ३० नौका काबीज केल्या आणि उरलेल्या ४० मायटिलिनीच्या बंदरात कोंडल्या. शहरात अन्न फारसं नव्हतं, आणि अथेन्सला यातलं काहीच माहीत नव्हतं. कोनॉनने दोन वेगवान नौका निवडल्या, सगळ्या ताफ्यातले उत्तम वल्हेकरी त्यांच्यावर बसवले आणि पडदे लावून त्यांना आत लपवलं. चार दिवस ही माणसं पहाटे नौकेत चढायची आणि अंधार पडला की उतरायची. पाचव्या दिवशी भरदुपारी, पहारेकरी सुस्तावलेले आणि काही झोपलेले असताना, दोन्ही नौका बाहेर निसटल्या, एक हेलेस्पाँटच्या, म्हणजे आजच्या दार्दानेल्स सामुद्रधुनीच्या दिशेने, दुसरी भर समुद्राकडे. भर समुद्राकडे गेलेली सूर्यास्ताला पकडली गेली. हेलेस्पाँटकडे वळलेली निसटली आणि बातमी घेऊन अथेन्सला पोचली.

त्यानंतर अथेन्सने जे केलं ते थक्क करणारं आहे. तिजोरीत खडखडाट होता, तर विजयदेवीच्या सोन्याच्या मूर्ती वितळवून नाणी पाडली. वल्हेकरी पुरेसे नव्हते, तर वयात बसणारा प्रत्येक पुरुष नौकेवर चढवला. एरवी घोडदळात मिरवणारे श्रीमंतही वल्ह्यांवर बसले आणि गुलामही बसले. जे गुलाम लढायला येतील त्यांना स्वातंत्र्य देण्यात आलं. तीस दिवसांत ११० नौका समुद्रात उतरल्या. वाटेत सामोस आणि इतर मित्रराज्यांच्या नौका येऊन मिळाल्या आणि संख्या दीडशेच्या वर गेली.

लेस्बॉस आणि आजच्या तुर्कस्तानचा किनारा यांच्यामध्ये आर्गिन्यूसी नावाची लहान बेटं आहेत. तिथे हे आरमार थांबलं. कॅलिक्रेटिडसने कोनॉनवर पहारा ठेवायला ५० नौका मागे ठेवल्या आणि १२० घेऊन तो चालून आला.

आता या लढाईतली एक विचित्र गोष्ट. नेहमी अथेन्सचे वल्हेकरी निष्णात असायचे. ट्रायरीमच्या पुढच्या टोकाला, पाण्याच्या पातळीशी, काशाचा भक्कम सुळा असे. शत्रूच्या दोन नौकांमधून सुसाट निघून जायचं, झटकन वळायचं आणि मागून त्यांच्या कुशीत हा सुळा घुसवायचा, हा अथेन्सचा हुकमी डाव. या वेळी उलट होतं. घाईने गोळा केलेले नवखे वल्हेकरी अथेन्सकडे, तयारीचे स्पार्टाकडे. म्हणून अथेन्सच्या सेनापतींनी दोन्ही बगलांवर नौकांची दुहेरी रांग लावली. पहिल्या रांगेतून कोणी घुसलंच तर दुसरी रांग त्याला गाठणार. आठही सेनापतींनी आपापली तुकडी सांभाळली.

कॅलिक्रेटिडसच्या सुकाणूवाल्याने त्याला सांगितलं, त्यांच्या नौका जास्त आहेत, माघार घेतलेली बरी. तो म्हणाला, मी मेलो तर स्पार्टाचं काही बिघडणार नाही, पण पळून जाणं लाजिरवाणं आहे. धडकेच्या वेळी तो समुद्रात पडला आणि दिसेनासा झाला. स्पार्टाच्या बाजूच्या सत्तरच्या आसपास नौका गेल्या. अथेन्सच्या २५.

इथवर सगळं विजयाचं. प्रश्न या २५ नौकांचा होता.

ट्रायरीम हलक्या लाकडाची असे. सुळा घुसला की ती पाण्याने भरून जड होई, पण दगडासारखी तळाला जात नसे. अर्धवट बुडालेल्या सांगाड्याला धरून माणसं तासन् तास तरंगत राहू शकत. २५ नौका म्हणजे जवळपास ५००० माणसं. त्यातली काही लढाईत मेली, काही किनाऱ्याला लागली. पण कितीतरी जण लाटांवर वाट पाहत होते.

सेनापती बेटावर उतरले आणि बैठकीला बसले. डायोमेडन म्हणाला, सगळ्यांनी जाऊन आधी आपली माणसं उचलू. इरॅसिनिडिस म्हणाला, सगळ्यांनी तडक मायटिलिनीला जाऊ, नाहीतर तिथल्या ५० नौका हातच्या जातील. थ्रॅसिलसने मधला मार्ग सुचवला: ४७ नौका बुडणाऱ्यांसाठी ठेवू, बाकीच्या शत्रूवर. हेच ठरलं. त्या ४७ नौका काही नौकाधिपतींकडे सोपवल्या गेल्या. त्यात थेरामेनिस आणि थ्रॅसिब्युलस हे दोघे होते. दोघेही पूर्वी सेनापती राहिलेले, जाणते. पण तोवर वादळ उठलं. नौका निघाल्याच नाहीत. बुडणारे बुडाले, आणि मायटिलिनीचे स्पार्टन निसटले ते निसटलेच.

मला यातली गोम बैठकीत दिसते. आठ समान अधिकाराचे सेनापती, वर एकटा जबाबदार कोणी नाही. लढाईत ही रचना खपून गेली, कारण डाव आधी ठरला होता. लढाईनंतर जेव्हा लगेच हुकूम सुटायला हवा होता तेव्हा चर्चा झाली, आणि त्या चर्चेत वारा वाढला. हा दोष खरा आहे आणि त्याची चौकशी मागणाऱ्या अथेन्सकरांचं काही चुकलं नव्हतं.

शिवाय मृतदेहांचा प्रश्न होता. ग्रीकांच्या समजुतीत अंत्यसंस्काराशिवाय राहिलेला मृत ही घरच्यांच्या जिवाला लागणारी गोष्ट होती. अथेन्स तर युद्धात पडलेल्यांच्या अस्थी घरी आणून सार्वजनिक इतमामाने पुरत असे, आणि त्या मिरवणुकीत ज्यांचे देह सापडले नाहीत त्यांच्यासाठी एक रिकामी तिरडी सजवून नेत. या वेळी रिकाम्या तिरडीवर हजारो माणसं होती.

सेनापतींनी अथेन्सला पत्र पाठवलं. माणसं वाचवता आली नाहीत याचं कारण त्यांनी एकच दिलं: वादळ. थेरामेनिस आणि थ्रॅसिब्युलस यांच्यावर काम सोपवलं होतं, हेही लिहावं असं काहींचं म्हणणं होतं. पेरिक्लिस आणि डायोमेडन यांनी ते लिहू दिलं नाही, असं पुढे खटल्यात सांगितलं गेलं. (हा पेरिक्लिस म्हणजे अथेन्सचा सुप्रसिद्ध नेता पेरिक्लिस याचा मुलगा, त्याची सहचरी आस्पासिया हिच्यापासून झालेला.) सहकाऱ्यांवर ढकलायचं नाही म्हणून दाखवलेला तो भलेपणा त्यांच्याच अंगाशी आला. नागरिकांच्या सभेत थेरामेनिसने उभं राहून सेनापतींवर आरोप केला आणि तेच पत्र पुरावा म्हणून पुढे केलं: पाहा, यांनी स्वतः वादळाशिवाय कोणालाच दोष दिलेला नाही.

आता सभा म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती घडतं. अथेन्समध्ये निवडून दिलेले खासदार नव्हते. प्रौढ पुरुष नागरिक स्वतः प्निक्स टेकडीवर जमत आणि युद्ध, तह, पैसा, सगळ्यावर हात वर करून मत देत. स्त्रिया, गुलाम आणि परगावहून येऊन राहिलेले लोक यांना त्यात जागा नव्हती. सभेपुढे कोणता विषय कसा यावा हे ५०० जणांचं मंडळ ठरवी. हे मंडळ चिठ्ठ्या टाकून निवडलं जाई, नागरिकांच्या दहा गटांतून प्रत्येकी ५०. वर्षाचे दहा भाग करून प्रत्येक भागात एका गटाचे ५० जण कारभार बघत, म्हणजे सभा चालवणं हेही त्यांचंच काम. सेनापती मात्र चिठ्ठीने नाही, मतदानाने निवडत. दर वर्षी दहा. आणि प्रत्येक अधिकाऱ्याला आपल्या कामाचा हिशेब द्यावा लागे.

सुरुवात त्या हिशेबापासूनच झाली. इरॅसिनिडिसवर हेलेस्पाँटकडच्या सरकारी पैशाचा आरोप ठेवून त्याला कैद केलं. मग मंडळाने बाकीच्या पाच जणांनाही अटक केली आणि सभेपुढे उभं केलं.

पहिल्या सभेत सेनापतींना कायद्याने मिळणारा पूर्ण वेळ मिळाला नाही. थोडक्यात बोलावं लागलं. तरी त्यांनी सुकाणूवाले आणि इतर खलाशी साक्षीला आणले. वादळ किती मोठं होतं हे त्यांनी सांगितलं. माणसं उचलायचं काम थेरामेनिसकडे होतं, पण त्याचाही यात दोष नाही, वादळाचा आहे, असंही ते म्हणाले. लोकांना ते पटत चाललं होतं. कितीतरी नागरिक उठून जामीन राहायला तयार झाले. पण अंधार पडला. वर केलेले हात मोजता येईनात. निर्णय पुढच्या सभेवर गेला, आणि सेनापतींवर खटला कोणत्या पद्धतीने चालवायचा याचा प्रस्ताव मंडळाने आणावा असं ठरलं.

मधे आपातुरिया नावाचा सण आला. या सणाला कुळं एकत्र जमत, घरात जन्मलेल्या मुलांची नोंद होई. त्या वर्षी कितीतरी घरांत पंगतीतल्या जागा रिकाम्या होत्या. पुढच्या सभेला काळे कपडे घातलेले, केस कापलेले लोक मोठ्या संख्येने आले. झेनोफन हा त्याच काळातला इतिहासकार सांगतो की थेरामेनिसच्या लोकांनी ही माणसं मृतांचे नातलग म्हणून मुद्दाम उभी केली होती. मला यावर विश्वास ठेवणं जड जातं. हजारो माणसं गमावलेल्या शहराला सुतकी माणसं भाड्याने आणायची गरज नसते.

दुसऱ्या सभेत मंडळाच्या वतीने कॅलिक्झेनसने प्रस्ताव मांडला. आरोप आणि बचाव मागच्या सभेत ऐकून झाले आहेत, तेव्हा आता सरळ मतदान. प्रत्येक गटासाठी दोन कलश. दोषी वाटत असतील तर पहिल्यात मत टाका, नसतील तर दुसऱ्यात. दोषी ठरले तर मृत्यू, मालमत्ता जप्त, तिचा दहावा हिस्सा देवी अथेनाला. आणि हे सगळं आठही जणांसाठी एकाच मतात.

खरा घाव इथे बसला. कोणी काय केलं हे वेगवेगळं बघायची सोयच राहिली नाही. आधी माणसं उचलू म्हणणारा डायोमेडन आणि तडक शत्रूवर जाऊ म्हणणारा इरॅसिनिडिस एकाच कलशात. एका सेनापतीची तर स्वतःचीच नौका बुडाली होती आणि तो योगायोगाने वाचला होता. म्हणजे ज्यांना वाचवलं नाही म्हणून खटला चालला, त्यांच्यातलाच तो एक.

तेवढ्यात एक माणूस पुढे आला. म्हणाला, मी पिठाच्या पिंपावर तरंगून वाचलो. बुडणाऱ्यांनी मला बजावून सांगितलं, तू जगलास तर लोकांना सांग की देशासाठी सर्वांत चांगलं लढलेल्यांना सेनापतींनी उचललं नाही. यानंतर सभेचा नूर काय झाला असेल याची कल्पना करता येते.

तरी अथेन्सच्या कायद्यात अशा क्षणासाठी एक आडकाठी होती. कोणताही नागरिक उठून म्हणू शकत असे की हा प्रस्ताव कायद्याच्या विरुद्ध आहे. तशी तक्रार केली की प्रस्ताव तिथेच थांबे, आणि न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत पुढे जात नसे. तक्रार खरी ठरली तर प्रस्ताव आणणाऱ्याला शिक्षा. लोकांच्या मताला लोकांनीच घातलेला हा लगाम होता. युरिप्टोलेमस नावाच्या, पेरिक्लिसच्या नात्यातल्या माणसाने तो वापरला. काहींनी त्याची वाहवा केली. पण बहुसंख्य ओरडू लागले: लोकांना हवं ते करू दिलं जात नाही, हे भयंकर आहे. मग एकाने प्रस्ताव मांडला की तक्रार मागे घेतली नाही तर या तक्रार करणाऱ्यांचाही निकाल सेनापतींबरोबर त्याच मतात लावा. सभेने एकच गलका केला. युरिप्टोलेमसने तक्रार मागे घेतली.

दुसरी आडकाठी सभा चालवणाऱ्या ५० जणांची. त्यातले काही म्हणाले, हे बेकायदा मतदान आम्ही घेणार नाही. कॅलिक्झेनस पुन्हा उठला आणि त्यांच्यावरही तोच आरोप लावायची धमकी दिली. लोक ओरडले, नाही म्हणणाऱ्यांची नावं घ्या. सगळे घाबरले आणि तयार झाले. एक सोडून. त्याचं नाव सॉक्रेटिस. साठी उलटलेला, राजकारणापासून दूर राहणारा, चिठ्ठीत नाव निघालं म्हणून त्या वर्षी मंडळात बसलेला. कायद्याला सोडून काही करणार नाही, असं तो म्हणाला. त्याच्या एकट्याच्या नकाराने मतदान थांबलं नाही.

तरी युरिप्टोलेमसने प्रयत्न सोडला नाही. त्याने भाषण करून दुसरा प्रस्ताव ठेवला. प्रत्येकाचा खटला वेगळा चालवा. दिवसाचे तीन भाग करा: एक जमून मत द्यायला, एक आरोपाला, एक बचावाला. दोषी ठरले तर कडक शिक्षा करा, माझा नातलग असला तरी. घाई कसली आहे? तुमचे कायदे आहेत, आणि त्या कायद्यांनीच तुम्ही मोठे झालात. दोन्ही प्रस्ताव मताला टाकले. हात वर झाले, आणि युरिप्टोलेमसचा प्रस्ताव जिंकला असं जाहीर झालं. इतकं सगळं होऊनही! मग मेनेक्लिस नावाच्या एकाने शपथेवर हरकत घेतली, पुन्हा हात मोजले, आणि या वेळी मंडळाचा प्रस्ताव जिंकला. त्यानंतर कलशांत मतं पडली. आठही दोषी. हजर असलेल्या सहा जणांना मारण्यात आलं: पेरिक्लिस, डायोमेडन, लिसियस, ॲरिस्टोक्रॅटिस, थ्रॅसिलस, इरॅसिनिडिस.

हातांच्या त्या दोन मोजण्या मला फार महत्त्वाच्या वाटतात. शहर निम्म्यावर विभागलेलं होतं. धमक्या नसत्या, युरिप्टोलेमसची पहिली तक्रार टिकली असती, तर प्रकरण न्यायालयात गेलं असतं आणि मधे दिवस गेले असते. तेवढ्याने कदाचित पुरलं असतं.

थोड्याच काळात अथेन्सकरांना पश्चात्ताप झाला. लोकांची दिशाभूल केली म्हणून कॅलिक्झेनस आणि आणखी चौघांवर कारवाई करायचं सभेनेच ठरवलं. ते खटल्याआधी पळाले. पुढे ४०३ मध्ये कॅलिक्झेनस अथेन्सला परतला, पण सगळ्यांनी त्याचा इतका तिरस्कार केला की तो उपासमारीने मेला, असं झेनोफन लिहितो.

दरम्यान युद्ध संपलं होतं. ४०५ मध्ये हेलेस्पाँटमधल्या एगॉस्पोटामीच्या किनाऱ्यावर अथेन्सच्या नौका थांबल्या होत्या. स्पार्टाचा सेनानी लिसँडर चार दिवस नुसता बघत राहिला आणि पाचव्या दिवशी, माणसं खाणंपिणं आणायला पांगलेली असताना, तुटून पडला. १७० च्या आसपास नौका त्याने जवळजवळ न लढता घेतल्या. काळ्या समुद्राकडून येणारं धान्य तुटलं आणि ४०४ मध्ये अथेन्स शरण गेलं. आर्गिन्यूसीच्या खटल्यामुळेच हा पराभव झाला, असं मी म्हणणार नाही. इराणचा पैसा आणि लिसँडर ही कारणं मोठी होती. पण लढाई जिंकणारे सहा अनुभवी सेनापती त्या दिवशी किनाऱ्यावर असू शकले असते, आणि ते नव्हते.

पराभवानंतर स्पार्टाच्या आधाराने काही महिने तीस जणांची हुकूमशाही आली. ४०३ मध्ये लोकशाही परतली तेव्हा अथेन्सने आपले कायदे तपासून नव्याने कोरून घेतले. त्यात ठरलं की सभेचा किंवा मंडळाचा कोणताही ठराव कायद्याच्या वर असणार नाही. आणि एकट्यादुकट्या माणसाला लागू होईल असा कायदा करायचाच झाला, तर किमान ६००० नागरिकांनी गुप्त मतदान केलं पाहिजे.